डिक्कीतले मिस्त्री

दारव्ह्याचे आमचे मिस्त्री गाडीची चौकशी फौजदारासारखी करीत. बॅटरी उतरली की एकेक वायर सोडवून तिलाच दरडावीत, "बोल, तूच पेतं ना करंट?"

भाच्याच्या लग्नाच्या सकाळी माझी जुनी विलायती गाडी मुकी झाली. नवरदेव मुंडावळ्या बांधून उभा आणि मुहूर्त दिग्रसला! सगळ्या वायरी निर्दोष सुटल्या. उरला डिक्कीतला दिवा. झाकण लावल्यावर तो विझतो की नाही, हे बाहेरून कसं कळणार? मिस्त्री टोपी सांभाळत आत शिरले.

"लावा झाकण, मामा!"

लावलं. आतून आरोळी आली, "जळूनच राह्यला लेकाचा! सापडला चोर!"

पण कुलूप अडकलं. किल्ली फिरवून मी घामाघूम झालो.

"मले कायले काढता? बल्ब काढला म्या. धक्का मारा अन् निघा!"

वऱ्हाडानं ढकललं, गाडी धावली. दिग्रसला मांडवासमोर पहारीनं झाकण उचकटलं. मिस्त्री बाहेर आले. वरपक्षाचं वडीलधारं माणूस समजून वधूपित्यानं त्यांचे ऑइलनं माखलेले पाय धुवायला घेतले. काळं पाणी वाहू लागलं. मिस्त्रींनी गंभीरपणे दुसराही पाय पुढे केला.

"सावकाश धुवा, व्याहीबुवा. गाडी धक्क्याबिगर निघत नाही. आमचा नवरदेव पळते कुठी?"