नवमीला निजलेला वायरलेस

आमच्या गावाखालून गोदावरी जाते. आमी तिला गंगाच म्हणतो. गंगेच्या काठाला सरकारनं एक पत्र्याची खोली ठोकली होती आणि त्या खोलीत एक वायरलेस बसवला होता. त्यापुढं स्टूल टाकून बन्सीधर बसायचा. बारा महिने रोज सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला घाटावरच्या पट्टीवर पाणी किती चढलं ते बघायचं आणि तालुक्याच्या केंद्राला कळवायचं, एवढंच काम. पण अकरा वर्षं केलं की एवढंसं कामही माणसाला वाकवतं. बन्सीधर पंचेचाळिशीत साठीचा दिसायचा.

नोकरी रोजंदारीची. हजेरीसुद्धा वायरलेसवरच. केंद्रातून किशनराव नावाचा ऑपरेटर नदीकाठच्या अशा एकेका ठाण्याला हाक मारायचा आणि ठाण्यानं "हजर" म्हणायचं. दिवसात दोन हाका चुकल्या की खाडा. सेट बिघडला असेल तर माफ, पण बिघडल्याची खात्री किशनरावाला पटली पाहिजे. खाडा पडला की नोकरीत खंड, आणि खंड पडला की मागची सगळी वर्षं गंगेत. एकोणनव्वद साली दसऱ्यानंतर पर्मनंटची यादी निघणार होती. बन्सीधराचं नाव तीत होतं, असं सगळे म्हणायलेले.

नवमीला चारची हाक झाली, तशी त्याची बायको सुलाबाई ताट घेऊन आली. खंडेनवमीला हत्यार निजवायचं, पुजायचं आणि दसऱ्याला उठवायचं, ही आमच्याकडची रीत. दरसाल ती वायरलेसच्या डब्याला वरून दोन बोटं कुंकू लावायची. औंदा म्हणाली, "तुमी जावा घरी. मी नीट करते समदं."

दसऱ्याला आठला बन्सीधरानं बटण दाबलं. दिवा लागला. किशनरावाचा आवाज खणखणीत आला. बन्सीधर म्हणाला, "हजर. पाणी दोन मीटर. ओव्हर."

"बन्सीधर, बोल की! ओव्हर."

"हजर म्हनलो की! ओव्हर."

"बन्सीधर न्हाई बोलायला. चला, फुडचं ठाणं."

बन्सीधर डब्याकडं बघत राहिला. समोरच्याचा शब्दन् शब्द ऐकू यायलेला आणि आपलं एक अक्षर पोचत नव्हतं.

मग तो उठला. आधी बॅटरी बघितली. पाणी भरलेलं होतं. टॉर्चचा बल्ब लावून बघितला, तो भक्कन पेटला. बॅटरीची टोकं खरवडली. माइकची वायर वाकवून, ताणून, कानाला लावून बघितली. बाराच्या आत शिडी लावून पत्र्यावर चढला. काठीवरची एरियल जागेवर होती, त्यावर कावळा बसलेला. कावळ्याला हाकललं. खाली उतरून गाळात रुतत पट्टी बघून आला आणि बाराला परत बसला.

"बन्सीधर?"

"हजर! हजर! ओव्हर."

किशनराव दुसऱ्या ठाण्यावरच्या दत्तरावाला म्हणाला, "निजलं असंल येडं. अकरा वर्षं निजूनच काढली त्यानं. पर्मनंट झाल्यावर आडवंच व्हईल."

दत्तराव खोखो हसला. बन्सीधरानं माइक खाली ठेवला.

गावात फोन पंचायतीत, आणि पंचायतीला सणाचं कुलूप. तालुक्याची गाडी सकाळीच गेलेली. दोन हाका चुकल्या होत्या. चारनंतर हजेरीचं मस्टर साहेबाच्या सहीला जायचं.

सुलाबाई पुरणाची पोळी घेऊन आली. तो खाईना.

"काय झालंय?"

"ऐकू येतंय. बोललेलं जाईना."

"कालपर्यंत तर चांगला होता."

"तेच तर म्हनायलो. काल निजवला, आज अर्धाच उठला."

सुलाबाईनं पोळीचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "अवं, मी काई वंगाळ केलं न्हाई. रीतीनंच केलं."

"काय केलंस?"

"कुऱ्हाडीला धारेवर कुंकू लावतेत. इळ्याला धारेवर. दरसाल मी ह्याच्या नुसत्या टाळूला लावायले. औंदा यादी निघायलीय म्हनून इचार केला, ह्याची धार कुठं असंल? पाठीमागं ते फिरवायचं टोपण हाय बगा, जिथून बोलणं वर काठीला जातंय. ते काढलं, आत पितळेची सुई होती. तिला तेल-हळद लावून कुंकू लावलं. परत घट्ट बसवलं."

बन्सीधरानं डबा फिरवला. एरियलच्या वायरीचं टोपण काढलं. आतली सुई तेलाकुंकवाच्या राड्यानं माखलेली होती. केंद्राचं मशीन दांडगं, त्याचं बोलणं कसंही आत घुसायचं. ह्याचं बारकं, ते कुंकवातच अडकायचं.

"रॉकेल आन," एवढंच म्हणाला. सुलाबाईनं कंदिलातलं रॉकेल वाटीत ओतलं, पदराचा शेव फाडून दिला. काडीला चिंधी गुंडाळून त्यानं सुई पुसली, टोपणाचं आतलं अंग पुसलं, फुंकून वाळवलं.

चारला हाक आली.

"हजर. पाणी दोन मीटर. ओव्हर."

"उठलास व्हय रं बाबा? खाडा लिवलाय. ओव्हर."

"सेट बिघडला होता, किशनराव. दोनी येळा बोललो. तुमचं ऐकायलो. ओव्हर."

"समदेच म्हणतेत. ऐकत होतास तर सांग, बाराला मी काय बोललो? ओव्हर."

सुलाबाई दारात उभी होती. बन्सीधरानं माइक तोंडापाशी धरला आणि पट्टीवरचं पाणी सांगावं तशा आवाजात सांगितलं, "निजलं असंल येडं. अकरा वर्षं निजूनच काढली त्यानं. पर्मनंट झाल्यावर आडवंच व्हईल. मंग दत्तराव हसले. ओव्हर."

सगळी ठाणी ऐकत होती. कुणी हसलं नाही.

किशनराव म्हणाला, "खोडतो. तिनी येळा हजर लिवतो. ओव्हर."

बन्सीधरानं माइक ठेवला आणि गार झालेली पोळी ओढली. सुलाबाई पदरातली आपट्याची पानं घेऊन डब्याकडं निघाली, तसा तो तोंडात घास असतानाच म्हणाला, "सोनं दुरून दे त्याला. हात लावू नगंस."

यादी पुढं दोन वर्षांनी निघाली, तीत त्याचं नाव होतं. तोवर बन्सीधर रोज तिन्ही वेळा हजर म्हणत राहिला.