भागीरथीबाईंचा पहिला नंबर

खरं तर हे मी कुणालाही सांगायचं नव्हतं. तशी शपथच घेतली होती, तीही मोटारसायकलच्या तापलेल्या टाकीवर हात ठेवून. पण आता काय करू? ज्यांच्यासमोर शपथ घेतली ते मन्मथप्पा या क्षणी बाहेरच्या खोलीत बाबांशी बोलत बसले आहेत, त्यांची ती काळी गाडी दारात उभी आहे, आणि मागच्या महिन्यातलं सगळं आठवून मला हसू आवरत नाही.

बोलून सांगायचं धाडस माझ्यात नाही. वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणते तेही पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही. म्हणून लिहून सांगते. पाहुण्यांसाठी चहा झाला, त्यातला एक कप आईनं मलाही आणून दिलाय. तुम्हीही तुमचा कप घ्या, जवळ सरका, आणि गल्लीत कुणाला कळू देऊ नका.

(चहा आज जरा वेगळाच लागतोय. गूळ बदलला असेल.)

तर लातूर नवा जिल्हा झाला आणि बाबांची नांदेडहून इथल्या कलेक्टर कचेरीत क्लार्क म्हणून बदली झाली. कचेरीत खुर्च्या यायच्या आधी आम्ही आलो. आणि आमच्या आधी दुष्काळ येऊन बसलेला होता.

गल्लीत नळ होते, पण ते नुसते सुस्कारे टाकायचे. दिवसाआड टँकर यायचा, रेशन दुकानापाशी. टँकरवाला पाच मिनिटं हॉर्न वाजवायचा. रांग दिसली तर नळी सोडायचा, नाही दिसली तर चालला पुढच्या गल्लीत.

आणि रांग म्हणजे माणसांची नव्हे हं, भांड्यांची! भांडं ठेवलं की नंबर लागला. मग त्याचा मालक घरी झोपलेला असो नाहीतर परगावी गेलेला असो. कलेक्टरांचा हुकूम एक वेळ मोडेल, पण भांड्याचा नंबर मोडणार नाही.

या दुष्काळात हाताला आणखी एक सवय लागली होती. थेंब पडताना दिसला की खाली भांडं सरकवायचं. रांजण पाझरला, लाव भांडं. भिजलेला परकर ठिबकतोय, लाव भांडं. डोळ्यांना थेंब दिसायचा आणि डोक्यानं विचार करायच्या आत हात भांडं शोधायचे. सगळा घोटाळा या हातांनी केला.

त्या रविवारी सकाळी लांबून ‘धड... धड... धड...’ असा आवाज आला. खिडकीची तावदानं थरथरली. मला वाटलं, कुणीतरी बोअर पाडायला आलं! धावत दारात गेले तर मोटारसायकल. पण कशी? आमच्या आजोबांपेक्षाही म्हातारी असावी अशी. सीटखाली खाटेसारख्या स्प्रिंगा. गिअरचा दांडा टाकीच्या बाजूला, हातानं ओढायचा. हँडलवर रबरी भोंगा. आणि वर गॉगल घातलेले, पांढऱ्या मिशांचे, पटका बांधलेले एक आजोबा.

“जय भीम, क्लारकसाहेब!”

“शरणार्थ, अप्पा! एवढ्या लांब या गाडीवर आलात?”

“मग? देवणीहून एका दमात आलो की!”

हे मन्मथप्पा. जमिनीच्या कुठल्याशा कागदासाठी बाबांकडे आले होते. पण कागद राहिला बाजूला आणि गाडीचं पुराण सुरू झालं. गाडी निजामाच्या एका अंमलदाराची. पोलीस ॲक्शननंतर अप्पांनी एक देवणी बैलजोडी देऊन ती घेतली. गावानं वेड्यात काढलं. बैल केव्हाच म्हातारे होऊन गेले, गाडी अजून पळतेय!

“अन् एक सांगतो साहेब, आजवर तेलाचा थेंब गळला न्हाई. पुतण्यानं नवी स्कूटर घेतली, ती शेळीवानी मुततीया. माझ्या गाडीखाली थेंब दाखवा, म्हटलं, मिशी उतरवतो. अख्ख्या देवणीला सांगून ठिवलंय!”

आणि नेमकं तेव्हाच मी दारातून काय पाहिलं?

टप्.

गाडीच्या पोटाखाली काळा थेंब. मग दुसरा. टप्.

आता तुम्हीच सांगा, वडीलधारा माणूस मिशीची पैज सांगतोय आणि मी मध्येच जाऊन म्हणू, “आजोबा, गळतंय”? माझ्यानं ते होणारच नव्हतं. पण थेंब तर पडत होता. हातांनी त्यांचं काम केलं. मी हळूच बाहेर गेले आणि गाडीखाली स्वयंपाकघरातलं एक भगुनं सरकवून आले.

या भगुन्याबद्दल सांगायला हवं. भागीरथीबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या डाळीच्या व्यापाऱ्यांच्या आई. त्या वारल्याला वर्ष झालं तेव्हा व्यापाऱ्यांनी गल्लीत घरटी एक स्टीलचं भगुनं वाटलं. आम्ही नुकतेच आलो होतो, तरी आम्हालाही मिळालं. काठाला कोरलेलं: ‘कै. भागीरथीबाई यांच्या स्मरणार्थ’. गल्लीत सगळ्यांकडे अगदी तेच, तेवढंच.

मी आत येऊन दाराच्या फटीतून पाहते तर समोरच्या शकुंतलाकाकू कंबरेवर हात ठेवून भगुन्याकडे बघत होत्या. घरात धावल्या. घागर घेऊन आल्या आणि भगुन्याच्या मागे ठेवून दिली.

मला बाहेर जाऊन फक्त एक वाक्य बोलायचं होतं: “काकू, ते तेलासाठी आहे.” चार शब्द! मी ते मनात तीनदा म्हणून पाहिले. चौथ्यांदा म्हणेपर्यंत बाहेर सात भांडी झाली होती.

“कामून गं शकुंतला, टँकर आज इथं येणार हाय?” मागच्या घरातल्या रुक्मिणमावशी.

“भगुनं दिसत न्हाई का? नंबर लागलाय.”

“पर ते गाडीखाली कामून ठिवलंय?”

“सावलीला!”

“अन् रोज तर रेशन दुकानापाशी...”

“जिल्हा नवा झालाय बाई, नियम बी नवे. घर कुणाचं हाय बघ की! कचेरीतल्या क्लारकाचं. त्यास्नी आधी कळणार का तुला?”

“अन् ही गाडी?”

“साहेबाची असंल. अशी गाडी साध्या माणसाकडं असती व्हय?”

झालं! रेशन दुकानापाशी आधीच लागलेली रांगसुद्धा उठली आणि आमच्या दारी आली. घागरी, कळश्या, बादल्या, रॉकेलचे डबे. गाडीच्या चहूबाजूंनी भांडी. आमची आईही हंडा घेऊन गेली! मी तिच्या पदराला धरून “आई, अगं...” म्हणाले, तर ती म्हणाली, “सोड, नंबर जाईल.”

आणि मग लांबून हॉर्न आला. रेशन दुकानाच्या बाजूनं.

सगळ्या माना तिकडे वळल्या.

“टँकर तिकडं आलाय!” रुक्मिणमावशी ओरडल्या. “पळा की कुणीतरी!”

“तूच पळ की.”

“अन् माझा नंबर?”

कुणीही पळालं नाही. पाच मिनिटं हॉर्न वाजत राहिला आणि पाच मिनिटं सगळ्या जणी ‘पळा, पळा’ असं ओरडत आपापल्या भांड्यापाशी घट्ट उभ्या राहिल्या. मग हॉर्न थांबला. टँकर निघून गेला.

आता पाणी परवा. तुम्हाला वाटेल, एक दिवस तर इकडे तिकडे. पण रुक्मिणमावशींच्या घरी चार दिवसांची बाळंतीण होती आणि रांजणाचा तळ दिसत होता. आणि हे क्लार्कच्या मुलीनं केलं असं कळलं, तर आम्हा नव्या माणसांचं भांडं कुणी रांगेत ठेवू देईल का?

तेवढ्यात मन्मथप्पा बाहेर आले. “आरं, माझ्या गाडीला ही कसली वरात?”

“साहेब, टँकर गेला की वो!” शकुंतलाकाकू रडकुंडीला आल्या. “गाडी काढा, आडवा त्याला!”

“मी कुठला साहेब? पर आडवतो. जातो कुनीकडं त्यो?”

“आमच्या सुजाताला माहीत आहे,” आई म्हणाली. “गच्चीवरून रोज बघत असते.”

पुढच्या चार भांड्यांच्या जागी दगड ठेवून वाट केली. आई मला उचलून मागच्या सीटवर बसवत होती, अप्पा हँडलवरच्या पट्ट्या मागेपुढे करत होते. एक किक. दुसरी किक. तिसऱ्या किकला गाडीनं त्यांनाच उलटा हिसडा दिला. चौथ्या वेळी ‘हर हर महादेव’ म्हणाले आणि धड-धड-धड! भगुनं मागे राहिलं, एकटं, उघडं, सर्वांच्या डोळ्यांसमोर.

“आता कुनीकडं?” पहिल्याच वळणावर अप्पा ओरडले.

“डावीकडे,” मी म्हणाले. मलाच ऐकू आलं नाही.

“आं? बोल की पोरी!”

आवाज फुटेना. परक्या माणसाच्या खांद्याला हात कसा लावायचा? समोर त्यांच्या पटक्याचा शेव लोंबत होता. मी तो धरला आणि डावीकडे ओढला. अप्पा डावीकडे वळले! पुढे उजवीकडे ओढला, उजवीकडे वळले. शिकवलेल्या बैलासारखे. (मोठ्या माणसांना असं म्हणू नये, पण वळले.) तिसऱ्या वळणाला पटका सुटला. दालमिलपाशी पोचलो तेव्हा सगळा पटका आमच्या मागे वाऱ्यावर फडफडत होता आणि एक टोक माझ्या मुठीत होतं. सोडलं असतं तर पटका हरवल्याचा दोषही माझ्याच माथी आला असता.

टँकरवाल्यानं आरशात गॉगल, मिशा आणि मागे लांबच लांब निशाण पाहिलं असणार. त्यानं करकचून ब्रेक लावला.

“काय झालं? आग लागली का कुठं?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती बाळंतीण आठवली, आणि माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा मोठा आवाज निघाला.

“काका, आमच्या गल्लीचं पाणी राहिलंय!”

“रेशन दुकानापाशी तर कुत्रं बी नव्हतं.”

“रांग दुसरीकडं लागली होती.”

“कुणी लावली?”

यावर माझा आवाज पुन्हा गेला. पण तो भला माणूस होता. पुटपुटत टँकर वळवला.

अप्पांनी मात्र गाडी सुरू केली नाही. “पोरी, कुणी लावली रांग?”

मी सगळं सांगितलं. थेंबाचं, भगुन्याचं, चार शब्दांचं. अप्पांनी गाडीखाली वाकून पाहिलं. टप्. त्यांचा हात आपोआप मिशीवर गेला.

“हे बघ,” ते म्हणाले, “तू माझ्या तेलाचं बोलू नको, मी तुझ्या भगुन्याचं बोलत न्हाई. ठिव हात टाकीवर.”

ठेवला. चांगलाच चटका बसला.

आम्हाला वाटलं, संपलं. पण गल्लीत येऊन पाहतो तर काय? टँकर उभा, आणि भगुन्याभोवती बायका हात जोडून उभ्या! मधल्या वेळात ‘पहिला नंबर कुणाचा’ यावर भांडण झालं होतं. भगुनं सगळ्यांकडेच होतं, पण ‘हे माझं’ असं कुणी म्हणेना. मग शकुंतलाकाकूंनी वाकून कोरलेलं नाव वाचलं, आत तेल पाहिलं आणि निकाल दिला: “नंबर भागीरथीबाईचाच हाय. म्हातारी पाण्याच्या रांगेत कधी पहिला नंबर सोडत नव्हती. कुणीतरी तिच्या नावानं दिव्याला तेल ठिवलंय, म्हणून तर गेलेला टँकर माघारी फिरला!”

भगुन्याच्या काठाला हळदीकुंकू लागलं होतं. टँकरवाल्यानं चपला काढून नमस्कार केला. मग सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं, आणि मन्मथप्पांनी, मिशी शाबूत ठेवून, आपल्याच गाडीच्या गळक्या तेलाला हात जोडले.

पाणी मिळालं. पहिली घागर बाळंतिणीकडे गेली. त्या गडबडीत मी भगुनं उचललं, तेल मागच्या उकिरड्यात ओतलं, आणि पाणी कुठलं वापरायचं, म्हणून नुसत्या कोरड्या राखेनं आतून तीनदा घासून ज्वारीच्या कोठीमागे उपडं घातलं. गल्लीत अजून सांगतात, भगुनं भागीरथीबाई स्वतः घेऊन गेल्या. आई मात्र महिनाभर शोधतेय. म्हणते, “सगळ्यांच्या घरी आहे, आपलंच कसं नाही?” मी मान खाली घालून अभ्यास करते.

(चहाला अजूनही कसलासा वास येतोय. अर्धा कप संपवला तरी जात नाही, म्हणजे गुळाचा नसावा.)

थांबा. बाहेर मन्मथप्पा काहीतरी म्हणतायत.

“वैनी, चहा झकास झालाय. पर वास लई ओळखीचा येऊन राहिलाय!”

आणि आता स्वयंपाकघरातून आई:

“सुजाता! हे भगुनं कोठीमागं सापडलं, चहा ह्यातच केला. पण ह्याच्या काठाला हळदीकुंकू कसं गं? इकडे ये आधी!”

जायला हवं. फक्त एवढंच सांगते, राखेनं मी आतून खरंच तीनदा घासलं होतं, बाहेरचा काठ तेवढा...