जागेवाल्याचा नारळ

चारकोपला राहायला येऊन बरेच दिवस झाले होते, तरी मी देवाशी एक शब्दही बोलले नव्हते. त्याच्यावर राग नव्हता. तो इथे ऐकत असेल यावर माझा विश्वास बसत नव्हता, एवढंच. आमच्याकडे सिंधुदुर्गात प्रत्येक गावाचा आपला ग्रामदेव असतो आणि त्याच्या सत्तेला शीव असते. ओढा ओलांडून पलीकडच्या गावात गेलं की तिथला देव वेगळा, राखणदार वेगळा. लहानपणापासून हे इतक्या सहज ऐकत आले होते की त्यात शंका घ्यावी असं कधी वाटलंच नाही. मग बारावीनंतर अंधेरीच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला आणि मी एका दिवसात कितीतरी देवांच्या हद्दी ओलांडून इथे येऊन पडले. आता मी कोणाच्या पदरात आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

निघण्याआधी बाबांनी देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. गाऱ्हाणं म्हणजे आमच्या मालवणी बोलीत देवाला मोठ्याने केलेली विनवणी. एकजण मागणं मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्यामागे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. ते झाल्यावर बाबांनी माझ्या हातात शेंडीचा एक नारळ दिला आणि म्हणाले, “पोचल्यार पयलो थंयच्या जागेवाल्याक दी. तेचो मान तेका दिलंस की मगे भियाचा कारण नाय.” जागेवाला म्हणजे त्या जमिनीचा राखणदार. नव्या ठिकाणी बिऱ्हाड केलं की आधी त्याला नारळ द्यायचा आणि मग चूल पेटवायची, अशी आमची रीत.

पण सातव्या मजल्यावरच्या खोलीचा जागेवाला शोधायचा कुठे? घरमालकीण काकूंना मी चाचरत विचारलं. त्या स्वभावाने प्रेमळ. आयुष्यभर बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. हसून म्हणाल्या, “अगं, आम्ही आलो तेव्हा इथे नुसती दलदल होती. भराव घालून इमारती उठल्या. चिटपाखरू नव्हतं गं, राखणदार कुठला असायला?” त्यांनी सहज म्हटलं, पण मी ते मनाला लावून घेतलं. म्हणजे ही जमीनच पोरकी. नारळ मी कपाटावर ठेवला आणि आज देऊ, उद्या देऊ करत तो तिथेच राहिला.

कॉलेजात माझं काही जमेना. गावातल्या वासरांत मी लंगडी गाय शहाणी ठरले होते, इथे ते लंगडणं सगळ्यांना दिसलं. शिकवणं इंग्रजीत आणि धावत. सर हाडांची नावं सांगत पुढे जायचे आणि मी मागच्याच हाडाशी अडकलेली असायचे. वर्गातली मुलं वाईट नव्हती. पण त्यांचे घोळके आधीच जमलेले होते आणि मला त्यात शिरता आलं नाही. मेट्रोने परत यायचे, ताटावर बसायचे, दोन घास घेऊन उठायचे. बाबा फोनवर विचारायचे, “नारळ दिलंस?” मी “देतंय” म्हणायचे आणि विषय बदलायचे.

माझ्या खोलीत सोलापूरची प्राची राहायची. बडबडी, पसारा घालणारी, मनाने मोकळी. एका रविवारी मी अंघोळ करून आले तर तिने इडल्या आणि खोबऱ्याची चटणी करून ठेवली होती. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच मला खरी भूक लागली. मी चटणी मागून मागून वाढून घेतली, वाटी बोटाने पुसून खाल्ली. प्राची माझ्याकडे बघत बसली होती, कौतुकाने. मी विचारलं, “इतका गोड नारळ कुठे मिळाला?”

“तुझाच गं. कपाटावर धूळ खात पडला होता,” ती म्हणाली. “तू काही खातच नाहीस ना यार, म्हटलं हिला तिच्या गावची चव देऊ.”

तिची काही चूक नव्हती. तिच्या लेखी नारळ म्हणजे नारळ. पण जागेवाल्याचा मान मी त्याला दाखवायच्याही आधी खाऊन बसले होते, आणि तो मला गोड लागला होता, याची मला भीती वाटली. त्याच आठवड्यात ताप आला. डॉक्टरांनी व्हायरल म्हटलं, गोळ्या दिल्या. प्राचीने कॉलेज बुडवून माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप उतरला, मनातली धास्ती उतरली नाही. या जमिनीने मला नाकारलं आहे, असं मी स्वतःला ठामपणे सांगितलं. खरं तर मला घरी जायचंच होतं; आता त्याला देवाचं कारण मिळालं. कॉलेजातली सीट सोडली तर पुन्हा मिळणार नाही हे ठाऊक होतं. तरी एका दुपारी प्राची कॉलेजात असताना मी बॅग भरली, काकूंना “गावाला जाऊन येते” म्हटलं आणि रिक्षाने बोरिवलीला हायवेवर गेले. कोकणात जाणाऱ्या खासगी बस तिथे थांबतात.

बसला उशीर होता. पिंपळाखाली सामान घेऊन थोडी माणसं उभी होती. माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई होत्या, पायाशी दोन गच्च पिशव्या. आपण होऊन बोलायला लागल्या. जवळच राहतात, एका कारखान्यात पॅकिंगचं काम करतात, गावच्या जत्रेला निघाल्या आहेत. “तू खंयची गो?” त्यांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. कॉलेज सोडून निघाले आहे, हे सांगितलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला. प्रवासाला निघताना इथे ठेवायचा, असा त्यांच्या यजमानांचा नेम होता म्हणे. “दोन वर्सा झाली तेंका जावन. बायकांनी गाऱ्हाणा घालू नये म्हणतत. पण मगे घालतलो कोण?” असं म्हणत त्यांनी नारळ पिंपळाच्या बुंध्याशी ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि भर रहदारीत खणखणीत आवाजात सुरुवात केली. “बा जागेवाल्या म्हाराजा, तुझा नाव माका ठावक नाय. जो कोण आसशीत तो, ह्यो नारळ मान्य करून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” मी म्हणाले. सवयीने, तोंडातून आपसूक निघालं.

“आमी गावाक जातांव, आमची वाट सुखरूप कर रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

आणि बाई अडल्या. ओठ हलत होते, शब्द येईना. ओशाळून माझ्याकडे वळल्या. “फुडे काय गो? तेंका सगळा पाठ होता. सांग तू.”

मी कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. पण जन्मभर ऐकलं होतं, आणि पुढे काय येतं ते मला माहीत होतं. हात जोडले आणि बाबांच्याच चालीत बोलायला लागले. “जी लेकरां आपला घर सोडून तुझ्या हद्दीत इली हत, शिकूक इली हत, तेंका परकी मानू नको रे म्हाराजा. तेंच्या हातसून काय चुकला आसात तर पोटात घाल. आनि तेंका हयच ऱ्हवाक बळ दी रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” बाई म्हणाल्या. मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनीही म्हटलं. ते कोण होते मी पाहिलं नाही, कारण मला रडू फुटलं होतं. हयच ऱ्हवाक. हे मागणं मी इतरांसाठी मांडायला गेले आणि ते माझंच निघालं. घरी जायला निघालेली मी, इथे राहायचं बळ मागत होते.

बाईंनी नारळ फोडला, तुकडे केले, रांगेतल्या सगळ्यांना वाटले. माझ्या हातावर मोठासा तुकडा ठेवून “खा” म्हणाल्या. मी खाल्ला. बस आली तेव्हा त्यांनी चढून माझ्यासाठी जागाही धरली. मी खालूनच मान हलवली. “मी नाय येत, काकी.” त्यांनी “बरा” म्हणून पिशवी त्या सीटवर ठेवली.

त्याच संध्याकाळी मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. चटणी, ताप, बॅग, सगळं. मग त्यांनी एकच विचारलं, “चटणीच्या त्या दिवशी पोटभर जेवलंस मां?”

“जेवलंय.”

“मगे नारळ तेका पावलो,” बाबा म्हणाले.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत, आणि त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी त्या तिथे कशा आल्या, गाऱ्हाण्यात नेमक्या त्याच ठिकाणी कशा अडल्या, याचा छडा लावायचा मी प्रयत्न केलेला नाही. मला वाटायचं, कोणापुढे वाकायचं ते कळल्याशिवाय शरण कसं जाणार? त्या बाई नाव माहीत नसलेल्यापुढे डोकं टेकून मोकळ्या झाल्या होत्या. तेवढं मी त्यांच्याकडून घेतलं. परीक्षेची भीती वाटते, कधी घराची आठवण अनावर होते. तेव्हा मी खिडकीशी उभी राहून जो कोण असेल त्याला हात जोडते. तो मला ओळखतो. मला त्याचं नाव अजूनही ठाऊक नाही, आणि मी त्याच्याकडे राहते आहे.