सलीमभाईंच्या वेबसाइटवरची बोटं

दुसऱ्याच्या दुकानाची वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मेहकरला आम्ही दोघंच हे काम करायचो, मी आणि वैशाली. आलेल्या माणसानं पानावर कुठं बोट लावलं, कुठं थांबला, कुठून निघून गेला, याचं रेकॉर्डिंग आम्हाला दिसायचं. नाव नाही, चेहरा नाही, फार तर फोन कुठल्या गावाकडचा ते कळायचं; बाकी नुसता एक गोल ठिपका फिरायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वैशालीनं खुर्ची मागं सरकवली. म्हणाली, "घरात कोणी नसताना पडदा हलावा, तसं वाटते मले."

*

सलीमभाईंचं बियाणं-औषधांचं दुकान. वेबसाइटवर त्यांनी बीटी कपाशीच्या फुटलेल्या बोंडाचा फोटो मोठ्या हौसेनं लावलेला. लोक यायचे आणि बाकी सगळं सोडून ते बोंडच दाबत बसायचे!

सलीमभाईंना नवल वाटलं नाही. "अंदर अळी आहे का पाह्यतेत. वावरातही हेच करतेत."

गुलाबी बोंडअळीनं त्या वर्षी सगळ्यांची झोप उडवली होती. आम्ही फोटो दाबला की अळीची माहिती उघडेल असं केलं, तशी माणसं थांबायला लागली. लोक जिथं दाबतात तिथं दार ठेवावं, एवढं आम्ही शिकलो.

*

शोधायच्या चौकटीत लोक औषधाचं नाव लिहितील, असा आमचा भाबडा समज. लोक लिहायचे, "राम राम. आहे का कोणी?"

उत्तर येईना म्हटल्यावर ठिपका बराच वेळ तसाच उभा. मग, "जेवाले गेले वाटते," आणि स्वारी पसार. आम्ही पोट धरून हसायचो.

एकानं मात्र लिहिलं, "तुम्ही पाहून राह्यले, मले माहीत आहे."

त्या दिवशी आम्ही डबे न उघडताच घरी नेले.

*

कपाशी तेव्हा माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा मारला की अर्धा आपल्याच तोंडावर. म्हणून सलीमभाईंनी फवारणीच्या विषबाधेवर एक पान करून घेतलं.

त्या पानावर जानेफळकडचा एक माणूस रोज दुपारी यायचा. दोन बोटांनी अक्षरं मोठी करायचा, आणखी मोठी, शेवटी स्क्रीनभर एकच अक्षर उरायचं.

"याले चष्मा घेऊन द्या," मी म्हणालो. आम्ही अक्षरं वाढवली. दुसऱ्या दिवशी त्यानं तीही ताणली.

वैशालीनं मग तो ज्या ओळीवर थांबायचा ती वाचून दाखवली. डोळ्यांना अंधुक दिसू लागल्यास फवारणी थांबवा, दवाखान्यात जा.

"याचे डोळे चालले," ती म्हणाली, "अन् हा अजून फवारून राह्यला."

मला खरंच भीती वाटली. समोर माणूस जातोय आणि त्याला हाक मारायला नाव नाही. आम्ही त्या पानाच्या वरच स्क्रीनभर एक लाल बटण लावलं. दाबलं की थेट सलीमभाईंना फोन.

*

बटण लावल्यावर तो आलाच नाही. मग एका दुपारी आम्ही सलीमभाईंच्या दुकानात बसलेलो असताना त्यांचा फोन वाजला. पुरुषाचा आवाज, अगदी शांत.

"जानेफळ. नाल्याकडचं भास्करचं वावर. लवकर या."

फोन बंद झाला. सलीमभाईंनी उलट लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्यांनी जानेफळच्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला पिटाळलं. भास्कर कपाशीच्या ओळीत पडलेला सापडला, पाठीवर पंप, तोंडाला फेस. मेहकरच्या दवाखान्यात वेळेत पोचला म्हणून वाचला. नजरही हळूहळू परत आली.

फोन भास्करच्याच नंबरवरून आला होता. आम्ही रेकॉर्डिंग पाहिलं. ठिपका त्या पानावर आला आणि कुठंही न भटकता सरळ बटणावर गेला.

भेटायला गेलो तेव्हा सलीमभाई म्हणाले, "भास्कर, बरं झालं तुले फोन कराचं सुचलं."

"मी काऊन फोन करतो?" तो म्हणाला. "मोबाईल तर घरी चार्जिंगले लावून होता."

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. "वहिनी, घरी कोण होतं तेव्हा?" मी विचारलं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मी निंदाले गेली होती. घराले बाहेरून कुलूप होतं."