ताब्यासाठी ठेवलेला माणूस

हे मी कोणाजवळच बोललेले नाही. वसतिगृहातल्या बाया मला तोंडाळ म्हणतात. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी साऱ्या जगाला ऐकवते — पण ही एक गोष्ट ओठांशी आली की मी विषय बदलते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येईल.

नरेश माझा धाकटा भाऊ. नवरा वारल्यावर मी मूल तालुक्यातलं आमचं गाव सोडून चंद्रपूरला कामाला आले, आणि सोबत हवी म्हणून त्यालाही आणलं. त्याला यायचं होतं का? विचारलंच नव्हतं. रेल्वेत कोळसा भरतात त्या सायडिंगला लागून एक वस्ती आहे, तिथं रिकाम्या जागेवर खांब रोवून टिनाचं घर केलं. सकाळी वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी काळं. दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की भांडी वाजायची. आजचा शेजारी उद्या असेलच असं नाही, त्यामुळे कोणी कोणाला जीव लावत नसे.

नरेश म्हणायला लागला, "बाई, लोकं माह्यावर बोलून राह्यले." मी हसले. अहो, तिथं लोक बोलतच होते — दोन घरांमध्ये एकच टिन, पलीकडचा खोकला आपल्या उशाशी. खरं ऐकू येणारं कुठं संपलं आणि त्याच्या डोक्यातलं कुठं सुरू झालं, हे मला कसं कळावं? कळलं तेव्हा तो जेवण हुंगून बाजूला सारत होता, मोबाईल नालीत फेकून बसला होता, आणि झोपायचं सोडून दाराला पाठ लावून राहत होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. मग कुठं राहतो, सोबत कोण असतं, झोप लागते का — सगळं विचारलं. म्हणाल्या, वस्तीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण असा आजार अशा जागी वाढतो. एकट्याला ठेवू नका.

मी त्याला आईकडे गावी नेऊन ठेवलं. धानाच्या रोवण्याचे दिवस होते. आई सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून त्याला गोळी गिळायला लावायची. पूर्ण बरा झाला नाही, पण झोपायला लागला. लोकांसोबत बांधीत, धानाच्या चिखलात उतरला. एकदा तर हसला — कशावर, ते आता आठवत नाही.

तिथंच सारं थांबायला हवं होतं.

मला गडचिरोलीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची नोकरी लागली, राहायला खोलीसकट. नेमकं त्याच सुमारास वस्तीत बोलणं सुरू झालं — सरकारकडून जागेचे पट्टे मिळणार, जागा नावावर होणार, पण जो राहतो त्यालाच; दाराला कुलूप दिसलं की जागा गेली. वस्तीत सगळेच करतात ते: म्हातारी सासू, नाहीतर कामाला न जाणारं कोणीतरी घरात बसवून ठेवायचं, ताबा राहावा म्हणून. माझ्याकडे बसवायला कोण होतं? तुमच्या लक्षात आलंच असेल.

"थोड्या दिसांसाठी चाल," मी म्हटलं. तो आला. माझ्यावर विश्वास होता त्याचा.

थोडे दिवस कसले! वर्षं गेली. सुट्टी मिळाली की मी बसने जायचे, तांदूळ आणि गोळ्या ठेवायचे. तो घेतो की नाही हे कोण बघणार? त्यानं दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. वस्तीतली पोरं टिनावर दगड मारायची. मी निघाले की तो एकच म्हणायचा, "बाई, मले आईपाशी ने." आणि मी — पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला.

आता खरी गोष्ट. ती सांगताना अजूनही लाज वाटते.

गावी गेले की आई विचारायची, नरेश काऊन येत नाई? आणि मी सांगायचे — मीच, माझ्या तोंडानं — "त्यालेच यायचं नाई. शहराची हवा लागली त्याले." गुडघ्यांमुळे आईला बसमध्ये चढता येत नव्हतं, ती जाऊन खातरजमा करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ती म्हणायची, "माह्यावर रागावला असंन." मी कधीच 'नाही' म्हटलं नाही. एका टिनाच्या खोलीसाठी मी आईला तिच्या पोराचा राग खरा वाटू दिला.

आई गेली तेव्हा त्याला गावी आणलं. तेव्हा मात्र आणता आलं! अंगणात मावशी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडली, "जिती होती तं आला नाई, आता कायले आला? तुह्याच नावानं झुरत गेली बिचारी." नरेशनं माझ्याकडे बघितलं. लोक त्याला वेडा म्हणतात ना? त्याला त्या क्षणी सारं कळलं होतं. माझं एक वाक्य पुरे होतं — मीच आणलं नाही त्याला. मी पदर डोळ्यांना लावला, आणि लोकांना वाटलं आईसाठी रडते.

पट्टा माझ्या नावावर झाला. नरेश अजून तिथंच राहतो.

गेल्या महिन्यात गेले. डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "नरेश, चाल, आता गावाले जाऊ." या वेळी खरंच नेणार होते. त्यानं डब्यातलं सगळं खाऊन संपवलं. मग म्हणाला, "कोणापाशी?"

मी रिकामा डबा पिशवीत घातला, गोळ्या फळीवर ठेवल्या आणि बसस्टँडकडे निघाले.