बाबांच्या टॅक्सीचं इंजिन

मंडळी, आज सकाळी रबाळ्याच्या एका गॅरेजमध्ये जुन्या फियाटचं इंजिन उचलून बाहेर काढताना पाहिलं आणि ऐंशीच्या दशकातलं आमचं करावे गाव आठवलं.

बाबा गेल्यावर त्यांची फियाट टॅक्सी अंगणात नुसती गंजत उभी होती. माझा मोठा भाऊ, दादा, तिथेच पाइप वेल्ड करून स्पोर्ट्स कार बनवत होता. सांगाडा तयार झाला, पण इंजिन नव्हतं. आणि टॅक्सीला आई हात लावू देत नव्हती.

एक दिवस तीच म्हणाली, "काढ रे. उबी राहून सडतेय, त्यापेक्षा धावू दे तिला."

इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, सगळं निघालं. पण इंजिन सांगाड्यात बसेना. दादाने पाइप कापून पुन्हा वेल्ड केले, तेव्हा कुठे बसलं.

मग वाशीच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने आईला शेजारी बसवून चक्कर मारली. गाडीला ना छप्पर, ना दरवाजे. परत आल्यावर मी विचारलं, "घाबरलीस?"

"न्हाय गो. डोले मिटून बसलेली. वाटलं, तुजा बापूसच चालवतोय."

तुमच्या घरच्या कुठल्या गाडीचा आवाज अजून कानात आहे?