डावीकडची वाट

मोजणी खात्याच्या कचेरीत तिला सगळे नकाशाबाई म्हणत. बाविसाव्या वर्षी ती तिथे चिकटली, तेव्हा काचेच्या टेबलाखाली दिवा असायचा, वर पारदर्शक कागद, आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढावी लागे. पुढे कॉम्प्युटर आले, तिचा चष्मा जाड झाला. पण काम तेच राहिलं. जंगलातल्या पायवाटा म्हणजे तुटक रेघा, ओढे म्हणजे निळ्या रेघा. आसपासच्या रानातला एकूण एक डोंगर तिने कागदावर चढून-उतरून पाहिला होता. प्रत्यक्षात मात्र एकदाही नाही. संसार, दोन बाळंतपणं, सासूबाईंचं लांबलेलं आजारपण यांत सव्वीस वर्षं कधी सरली ते कळलंच नाही.

म्हणून त्या वर्षी चार दिवसांची सहल तिने ठरवली. वनखात्याच्या विश्रामगृहात तीन खोल्या मिळवायला तिने चार महिने फोन केले. बरोबर नवरा, सासरे, दीर आणि धाकटी जाऊ.

धाकटी शाळेत खेळ शिकवायची. अंगाने सडसडीत, पायाला भिंगरी. पहिल्याच दिवशी तळ्याकाठच्या उद्यानात तिने शीळ ऐकून पक्षी ओळखला, सासऱ्यांना झाडाची साल हुंगायला लावली. सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तरीचे. ते बाकावर बसून म्हणाले, "हिच्यामुळे या वयात रान बघायला मिळालं."

हिच्यामुळे. नकाशाबाई थर्मासचं झाकण लावत होती, ते तिने जरा जास्तच आवळलं. चार महिने फोन करून बोटं झिजली ती आपली, आणि कौतुक धाकटीचं. बरं, नवऱ्याने तरी काही बोलावं? तो दुर्बीण डोळ्याला लावून "कुठे, कुठे?" करत धाकटीच्या मागे फिरत होता. घरी बाजारात चल म्हटलं की याचा गुडघा दुखायचा.

दुसऱ्या दिवशी धबधब्याकडे जायचं होतं. तासाभराने वाटेला फाटा फुटला. तिथली पाटी मोडून पालापाचोळ्यात उताणी पडली होती, बाण आभाळाकडे. धाकटीने मोबाईल काढला, रेंज नव्हती.

"डावीकडची रुंद आहे, रुळलेली दिसते," ती म्हणाली. "इकडूनच असणार."

नकाशाबाईला ठाऊक होतं. डावीकडची वाट बंद पडलेल्या दगडखाणीवर जाते. सात वर्षांपूर्वी ती रेघ तिनेच ओढली होती, शेवटी छोटीशी आडवी रेघ मारून संपवली होती. शब्द ओठांवर आले. तेवढ्यात दीर म्हणाला, "चला, आपल्या कॅप्टनच्या मागे," आणि सगळे हसले.

ती मूग गिळून चालू लागली.

दीड तासाने झाडं संपली आणि समोर नुसता कापलेला कातळ उभा राहिला. ऊन तापलेलं, बाटल्यांत घोटभर पाणी. वाट तिथेच संपली होती. धाकटी इकडे तिकडे धावून वाट शोधू लागली.

"माहीत नसेल तर विचारावं माणसाने," नकाशाबाईचा नवरा धाकटीला म्हणाला. "बरोबर म्हातारं माणूस आहे."

धाकटीचा चेहरा पडला. नकाशाबाईला आत गारगार वाटलं, खोटं कशाला बोला. पण ते सुख घटकाभराचंच होतं. सासरे दगडावर बसले ते पोटरी धरूनच. गोळा आला होता. ओठ पांढरे पडले होते. धाकटी गुडघ्यांवर बसून त्यांचा पाय चोळू लागली आणि उरलेलं सगळं पाणी तिने त्यांना पाजलं, स्वतः एक घोटही न घेता.

नकाशाबाईला राहवलं नाही. "त्या मातीच्या ढिगामागे जुना गाडीरस्ता आहे," ती म्हणाली. "दहा मिनिटांत डांबरी रस्ता लागेल. तिथे वनखात्याची चौकी आहे."

"तुला काय माहीत?" नवऱ्याने विचारलं.

"कामच आहे माझं."

धाकटीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दोघा भावांनी वडिलांना आधार दिला. चौकीवरच्या रखवालदाराने पाणी दिलं आणि जीपने सगळ्यांना विश्रामगृहावर सोडलं.

संध्याकाळी मागच्या नळावर धाकटी मोजे धूत होती. नकाशाबाई बादली घेऊन आली.

"ताई, फाट्यावर तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

"सगळे तुझ्या मागे होते. मला ते बघवलं नाही."

धाकटीने मोजा पिळला. "बाबांना काही झालं असतं तर? आणि भावोजी मला बोलले, तेव्हाही तू गप्प राहिलीस." ती मोजे तसेच ओले घेऊन आत निघून गेली.

सकाळच्या चहाला नकाशाबाईने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नवऱ्याने मान खाली घातली आणि धाकटीची माफी मागितली. दीर उठून बाहेर गेला. सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"भांडण तुमचं, आणि पाय माझे दुखले," ते म्हणाले. "खोल्या तू मिळवल्यास हे मला माहीत होतं. बोलायचं राहून गेलं. पण म्हणून असं करतात का?"

तिने रिकामे कप उचलले आणि विसळायला नळावर नेले.

शेवटच्या दिवशी धाकटी बूट बांधून दारात उभी राहिली. "धबधबा राहिलाय. वाट तुला ठाऊक आहे. चल."

दोघीच गेल्या. उजवीकडची वाट चढणीची, नकाशाबाईला धाप लागत होती. कागदावर तीन वळणं होती, ती तीनच निघाली. पण पायांखालच्या मुळ्या, ओल, कुजक्या पानांचा वास, यांतलं काहीच कधी कोणी तिला सांगितलं नव्हतं. धाकटी पुढे जाऊन थांबायची, नकाशाबाई जवळ आली की पुन्हा चालू लागायची. धबधब्याशी पोचल्यावर तिने डबा उघडला आणि अर्धी पोळी पुढे केली.

आता दर वर्षी ते कुठल्या ना कुठल्या रानात जातात. वाट नकाशाबाई सांगते. धाकटीने पक्षी ओळखला आणि सगळे गोळा झाले की नकाशाबाई अजूनही थर्मासचं झाकण जरा जास्तच आवळते. आणि फाटा आला की धाकटी थांबून विचारते, "ताई, खरं सांगतेयस ना?" बाकीचे हसतात. नकाशाबाई हसत नाही. ती हात करून वाट दाखवते आणि पहिलं पाऊल स्वतः टाकते.